चंद्रावर कॅमेरा कुणी धरला होता?

23 ऑगस्ट 2023 ची संध्याकाळ आठवतेय? तुम्ही तेव्हा फारच लहान असाल तर घरात विचारा, मोठ्यांना नक्की आठवत असेल. पावणेसहाच्या सुमारास चांद्रयान-3 चा विक्रम लँडर चंद्रावर उतरायला निघाला आणि अख्खा देश टीव्हीला चिकटून बसला. कुणी नखं खात होतं, कुणी देवाला हात जोडून. पडद्यावर चार पायांचा विक्रम, त्याच्या बुडाशी इंजिनांच्या ज्वाळा, खाली खड्ड्याखड्ड्यांची करडी जमीन. सहा वाजून चार मिनिटांनी तो टेकला आणि गल्लीत फटाके वाजले.

आता मला सांगा, विक्रम आपल्याला बाहेरून दिसत होता ना? मग तो कॅमेरा कुणी धरला होता?

कुणीच नाही! विक्रमच्या स्वतःच्या अंगावर कॅमेरे होते, पण ते जमिनीकडे पाहत होते. तो उतरत असताना समोर उभं राहून त्याचं शूटिंग करायला चंद्रावर चिटपाखरूही नव्हतं. आपण पाहिला तो कॉम्प्युटरवर काढलेला, हलवलेला विक्रम. शेजारचे आकडे मात्र खरे होते. सुरुवातीला उंची सुमारे 30 किलोमीटर, वेग ताशी सहा हजार किलोमीटरच्या आसपास, मग दोन्ही भराभर कमी कमी. हे आकडे रेडिओलहरींवरून येत होते आणि चंद्र ते पृथ्वी हे अंतर तोडायला त्यांना सव्वा सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागत होता. म्हणजे आकडे खरे आणि चित्र काढलेलं.

यात फसवाफसवी काही नाही बरं का. नुसते आकडे दाखवले असते तर शास्त्रज्ञ सोडून बाकीचे आपण जांभया देत बसलो असतो. चित्र हललं म्हणून आपल्या छातीत धडधडलं.

त्याच्या चार वर्षं आधी, 7 सप्टेंबर 2019 च्या पहाटे, तर याहून साधं चित्र होतं. चांद्रयान-2 च्या वेळी पडद्यावर एक वाकडी रेघ होती, म्हणजे यानाने ज्या वाटेने उतरायचं ती वाट. तिच्यावरून एक छोटीशी खूण सरकत होती. सरकता सरकता ती रेघेपासून जराशी बाजूला झाली. बस्स, एवढंच. पण कुणी तोंडातून शब्द काढायच्या आधीच पाहणाऱ्यांच्या पोटात गोळा आला. एक रेघ आणि एक ठिपका! मला विचाराल तर त्या ज्वाळाबिळांच्या चित्रापेक्षा हा ठिपका जास्त भारी होता.

आकडे, अक्षरं, नकाशे, बाण, आलेख अशा एरवी गप्प बसणाऱ्या गोष्टींना हलवून बोलकं करणाऱ्या माणसाला म्हणतात मोशन ग्राफिक्स डिझायनर. कार्टून फिल्म करणारे याचेच चुलतभाऊ. फरक इतकाच की त्यांच्याकडे उंदीर-मांजर असतात, रुसवेफुगवे असतात. याच्याकडे पावसाच्या नकाशावरचे ढग असतात, सिनेमाच्या सुरुवातीची नावं असतात आणि फोनवर काही उघडायला वेळ लागला की गरगर फिरणारं ते चाकही असतं. होय, तेही कुणीतरी बसून, डोकं खाजवून बनवलेलं असतं.

आणि क्रिकेट! बॅट्समन पायचीत आहे की नाही ते पाहायला थर्ड अंपायर पडद्यावर चेंडूची वाट दाखवतो. चेंडू टप्पा पडून वळतो, पॅडवर आदळतो आणि पॅडच्या आरपार जाऊन स्टंप उडवतो. थांबा थांबा. आरपार कसा गेला? खरा चेंडू तर पॅडवर लागून तिथेच पडला होता! पॅडच्या पुढचा चेंडू कधी गेलाच नव्हता. मैदानाभोवतीच्या कॅमेऱ्यांनी टिपलेल्या जागांवरून तो कुठे गेला असता याचं गणित कॉम्प्युटरने केलं आणि त्या गणिताचं चित्र आपण पाहिलं. हॉक-आय नावाची ही युक्ती 2001 साली इंग्लंड-पाकिस्तान यांच्या लॉर्ड्सवरच्या कसोटीत पहिल्यांदा टीव्हीवर आली. तेव्हापासून न गेलेल्या चेंडूवरून घराघरांत भांडणं होतात.

पण मुळात चित्र हलतं कसं? खरं म्हणजे ते हलतच नाही.

गणपतीत मांडवाच्या कमानीवर पळती लाइट पाहिली आहे ना? तिथे घटकाभर उभं राहून एकाच बल्बकडे टक लावून बघा. तो जागचा हलत नाही, नुसता पेटतो आणि विझतो. त्याच्या शेजारचा पेटतो आणि विझतो, मग त्याच्या शेजारचा. आता नजर सैल सोडा. लगेच उजेड कमानीवरून धावायला लागतो! धावणारी वस्तू तिथे एकही नाही. मग धावतं कोण?

याच कोड्याने माक्स वेर्थायमर नावाच्या जर्मनभाषक मानसशास्त्रज्ञाला झपाटलं होतं. असं सांगतात की 1910 साली तो आगगाडीने सुट्टीला निघाला होता. वाटेत त्याच्या डोक्यात काहीतरी चमकलं, तो मध्येच फ्रँकफर्टला उतरला आणि दुकानात जाऊन चित्रं हलवणारं एक खेळणं विकत घेतलं. सुट्टी राहिली बाजूला! पुढे त्याने लोकांना दोन रेघा एकापाठोपाठ दाखवल्या. एका सेकंदात हजार मिलिसेकंद असतात. दोन रेघांत साधारण 200 मिलिसेकंदांचं अंतर ठेवलं तर लोक म्हणत, आधी एक दिसली, मग दुसरी. अंतर 30 वर आणलं की म्हणत, दोन्ही एकदमच दिसल्या. आणि मध्ये कुठेतरी, 60 च्या आसपास, लोक म्हणत, एकच रेघ इकडून तिकडे गेली! हा शोध त्याने 1912 मध्ये छापला.

तुमच्या शास्त्राच्या पुस्तकात ‘दृष्टिसातत्य’ असेल. डोळ्याच्या पडद्यावर चित्राचा ठसा सेकंदाचा सोळावा भाग राहतो, वगैरे. ते खोटं नाही, पण अर्धंच आहे. विचार करा, नुसता ठसाच राहिला असता तर दोन चित्रं एकमेकांवर चढून गिचमीड दिसली असती. रेघ सरकताना कशी दिसली असती? सरकवण्याचं काम मेंदूचं. दोन चित्रांमधली मोकळी जागा तो स्वतःच्या पदरचं घालून भरतो. तुम्ही आयुष्यात पाहिलेला प्रत्येक सिनेमा निम्मा तुमच्याच डोक्यात तयार झालेला आहे.

मेंदूला भरायला सोपं जावं म्हणून सिनेमात सेकंदाला 24 चित्रं दाखवतात. त्यातल्या प्रत्येक चित्राला म्हणायचं फ्रेम. आपल्याकडच्या टीव्हीने 25 धरल्या, कारण आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 हेलकावे खाते आणि जुन्या टीव्हींना त्याच्या निम्म्या फ्रेम सोयीच्या पडत. अमेरिकेतली वीज 60 हेलकाव्यांची, म्हणून तिथे 30. भिंतीतल्या प्लगने टीव्हीच्या फ्रेम ठरवल्या, आहे की नाही गंमत?

आता आपण स्वतः डिझायनर होऊ आणि एक चेंडू पाडू. अगदी साधा, गोल.

अभ्यासाचं टेबल साधारण 78 सेंटिमीटर उंच धरा. टेबलाच्या कडेवरून चेंडू सुटला की जमिनीवर पोचायला त्याला 0.4 सेकंद लागतात. सेकंदाला 25 फ्रेम, म्हणजे आपल्याला बरोबर 10 फ्रेम मिळाल्या. दहा चित्रांत चेंडू खाली आणायचा. सोपं आहे! 78 ला 10 ने भागा, प्रत्येक फ्रेममध्ये 7.8 सेंटिमीटर खाली सरकवा, झालं काम.

करून बघितलंत की कळेल, चेंडू पडतच नाही. तो उतरतो. कुणीतरी दोरी बांधून सावकाश खाली सोडावा तसा. वेळ तेवढाच, फ्रेम तेवढ्याच, चेंडूही तोच. पण त्यात वजन म्हणून नाही.

कारण खरा चेंडू असा पडत नाही. पहिल्या फ्रेममध्ये तो जेमतेम 0.8 सेंटिमीटर सरकतो. दुसरीत 2.4, तिसरीत 3.9, चौथीत 5.5, पाचवीत 7.1. असं वाढत वाढत दहाव्या फ्रेममध्ये तो एका दमात जवळजवळ 15 सेंटिमीटर खाली येतो. या आकड्यांना 0.8 ने भागून पाहा. येतात साधारण 1, 3, 5, 7, 9... शेवटी 19. सगळे विषम आकडे, ओळीने उभे! हा नियम गॅलिलिओने शोधला. त्याच्याकडे सेकंदकाटा नव्हता. उतरत्या फळीवरून गोळा सोडायचा, तोवर भांड्यातून पाण्याची बारीक धार सोडून ठेवायची आणि गोळा खाली पोचेपर्यंत किती पाणी पडलं ते तागडीत तोलायचं. पाणी जास्त, म्हणजे वेळ जास्त! हा नियम सांगणारं त्याचं पुस्तक 1638 मध्ये निघालं आणि आज मुंबई-पुण्यातल्या एखाद्या स्टुडिओत बसलेली एखादी ताई जाहिरातीतला लाडू ताटात पाडताना तोच नियम पाळते. आकडे मांडून नव्हे, सवयीच्या डोळ्याने. पण नियम तोच.

मोशन ग्राफिक्सचं मर्म मला या चेंडूत दिसतं. चित्र सुंदर काढणं हे एक काम झालं. पण दोन चित्रांमधलं अंतर किती ठेवायचं, हे खरं काम. त्याच अंतरातून चेंडू जड होतो, फुगा हलका होतो, बाण घाईत असतो आणि ढग आळशी होतो.

पूर्वी हे सगळं हाताने चालायचं. मोठा चित्रकार मुख्य चित्रं काढायचा, टेबलावरचा चेंडू आणि जमिनीवरचा चेंडू. मधली सगळी चित्रं काढायला शिकाऊ पोरं बसवलेली असायची. आता मुख्य चित्रांना म्हणतात कीफ्रेम आणि मधली चित्रं कॉम्प्युटर भरतो. पण कॉम्प्युटर भलताच सरळमार्गी आहे. त्याला काही सांगितलं नाही तर तो सगळी अंतरं सारखी ठेवतो आणि आपला चेंडू पुन्हा दोरीवरून उतरायला लागतो. मग त्याला समजवावं लागतं की सुरुवातीला हळू, नंतर जोरात. लोकल स्टेशन सोडताना कशी आधी सरकते, मग पळते आणि पुढचं स्टेशन आलं की पुन्हा मंदावते, तसं. याला या धंद्यात ‘ईज’ देणं म्हणतात.

हे समजवायचं कसं? पडद्यावर एक आलेख असतो, आडवा वेळ आणि उभं अंतर. त्यावरच्या रेघेला दोन टोकांना दांड्या असतात. दांडी ओढली की रेघ वाकते आणि रेघ वाकली की चेंडूची चाल बदलते. या वाकणाऱ्या रेघेला बेझिए कर्व्ह म्हणतात आणि ती मोटारींच्या कारखान्यातून आली आहे. 1960 च्या दशकात फ्रान्समधल्या रेनॉ कंपनीतला इंजिनिअर पिएर बेझिए गाडीच्या पत्र्याचे गोलावे गणिताने कसे मांडायचे याच्या मागे होता. दुसऱ्या मोटार कंपनीत, सित्रोएनमध्ये, पॉल द कास्तेल्जो यानेही 1959 मध्ये तेच गणित सोडवलं होतं, पण कंपनीने ते कुलपात ठेवलं. म्हणून नाव बेझिएचं लागलं. बिचारा कास्तेल्जो!

अशा उसनवाऱ्या या कलेत पुष्कळ आहेत. अमेरिकेत जॉन व्हिटनी नावाचा एक अवलिया होता. दुसऱ्या महायुद्धात विमानांवर तोफेचा नेम धरायला वापरलेलं एक यंत्र युद्धानंतर भंगारात निघालं. चाकं, दांडे, गिअर यांनी गणित करणारं ते धूड व्हिटनीने आणलं आणि त्यावर नेम धरण्याऐवजी नक्ष्या काढल्या. फुलं, चक्रं, फिरणारी अक्षरं. 1960 मध्ये त्याने कंपनी काढली, तिचं नावच मोशन ग्राफिक्स.

आपल्याकडेही ही हौस जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ 1913 मध्ये आणला हे तुम्हाला ठाऊक असेल. पण त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला होता आणि रोप वाढेल तसं कॅमेऱ्याने थोडं थोडं टिपून ठेवलं होतं. पडद्यावर ते वाटाण्याचं रोप पाहता पाहता वाढताना दिसलं. 1915 मध्ये तर त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ नावाची फिल्म केली, तिच्यात चक्क काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. काडी सरकवा, फ्रेम टिपा, पुन्हा काडी सरकवा, पुन्हा फ्रेम टिपा. केवढा धीर लागत असेल!

आजी-आजोबांना दूरदर्शनच्या त्या खुणेबद्दल विचारा. दोन वळणदार आकार फिरत फिरत येतात आणि मिळून डोळा होतो, वर ती सनईची धून. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकणाऱ्या देबाशिष भट्टाचार्य या विद्यार्थ्याने ती खूण काढली आणि तिथल्याच आर. एल. मिस्त्रींनी ती हलवली. कॉम्प्युटर कुठला! चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवायच्या, जराशा फिरवायच्या, टिपायच्या, पुन्हा जराशा फिरवायच्या. 1 एप्रिल 1976 ला ती पडद्यावर आली. आजोबांना नुसती ती धून गुणगुणून दाखवा, डोळा त्यांच्यासमोर आपोआप फिरायला लागेल.

बरं, हे मोशन ग्राफिक्सवाले लोक दिवसभर करतात काय? एक काम जवळून पाहू. समजा, महापालिकेला डेंग्यूवर 20 सेकंदांची फिल्म हवी आहे. 20 गुणिले 25, म्हणजे 500 फ्रेम झाल्या.

पहिल्या दिवशी डिझायनर कॉम्प्युटर उघडतच नाही. तो प्रश्न विचारतो. डास कोणता? डेंग्यू पसरवणारा एडिस, त्याच्या पायांवर पांढरे पट्टे. म्हणजे भलताच करडा डास काढून चालणार नाही. अंडी कुठे घालतो? पहिलं म्हणजे घालतो नव्हे, घालते, मादी! आणि ती घालते स्वच्छ, साठलेल्या पाण्यात. पिंप, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा जुना टायर. डिझायनरने गंमत म्हणून घाणेरडं गटार रंगवलं असतं तर फिल्म देखणी झाली असती आणि शास्त्र चुकलं असतं. लोकांनी गटाराकडे बोट दाखवून घरातलं पिंप तसंच ठेवलं असतं. अंडं नेमकं कुठे चिकटतं? पाण्याच्या रेघेच्या थोडं वर, पिंपाच्या आतल्या भिंतीला. अरेच्चा! मग पिंप नुसतं रिकामं करून काय उपयोग? घासायला हवं. हे कळलं आणि फिल्ममधला मुख्य प्रसंग सापडला.

आता निवेदन. 20 सेकंदांत माणूस नीट बोलला तर 40-45 शब्द बोलतो. म्हणजे डेंग्यूचा निबंध नको, एकच गोष्ट. मग कागदावर चौकोन आखून त्यात पेन्सिलीने चित्रं काढायची, कॉमिकच्या पानासारखी. हा झाला स्टोरीबोर्ड. इथे चित्रं देखणी नसली तरी चालतात. मी काडीमाणसांचे स्टोरीबोर्डही पाहिलेत आणि ते झकास होते. त्यावर निवेदन लावून एक कच्ची फिल्म करतात, तिला म्हणतात अ‍ॅनिमॅटिक. कंटाळा कुठे येतो, घाई कुठे होते, ते इथेच कळतं.

आणि मग अवघड जागा येते. पिंपाच्या कडेवर मादी बसली आहे, अंडं घालते आहे. नवशिका डिझायनर काय करतो? पंख फडफडवतो, पाण्यावर तरंग उठवतो, वर ‘सावधान’ ही अक्षरं नाचवतो, कोपऱ्यात महापालिकेचा लोगो चमकवतो. सगळं हलतंय, वा! आणि अंडं? अंडं कुणालाच दिसलं नाही. आपला डोळा हलणाऱ्या गोष्टीकडे धावतो, त्याला इलाज नाही. चार गोष्टी एकदम हलल्या तर तो गोंधळतो. जाणता डिझायनर सगळं थांबवतो. पाणी स्तब्ध, अक्षरं नाहीत, पंख मिटलेले. फक्त एक काळा ठिपका भिंतीला चिकटतो, आणि अर्ध्या सेकंदाने दुसरा. काय हलवायचं ते कुणीही सांगेल. काय हलवायचं नाही, हे ठरवायला वर्षं जातात.

आवाजाचीही एक खोडी आहे. डास पडद्यावर यायच्या पाच-सहा फ्रेम आधी त्याची पिणपिण सुरू करायची. बघणारा आपोआप डास शोधायला लागतो आणि तेवढ्यात तो येतो. रात्री पांघरुणात आपलं असंच होतं ना!

शेवटी अक्षरं: ‘कोरडा दिवस पाळा’, म्हणजे आठवड्यातून एकदा पिंपं रिकामी करा, घासा आणि कोरडी ठेवा. मराठी डिझायनरची खरी परीक्षा इथे. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, एकेक करून खुशाल नाचवा. आपली शिरोरेषेला लटकलेली आणि एकमेकांत गुंतलेली. ‘दिवस’ मधला ‘दि’ घ्या. टाइप करताना आधी द, मग वेलांटी. पण दिसताना वेलांटी आधी, द नंतर! कॉम्प्युटरला सांगितलं की एकेक अक्षर आण, तर कधी कधी तो आधी एकटा द आणून ठेवतो, मग ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली वेलांटी. ते वर्तुळ तुम्हीही कुठेतरी पाहिलं असेल. ‘ड्या’ किंवा ‘क्षि’ आला तर विचारूच नका, हातपाय वेगवेगळे पडतात. म्हणून इथे अक्षरं कानाने तोडायची. दि, व, स असे तीन तुकडे. काही जण आधी शिरोरेषाच डावीकडून उजवीकडे ओढून घेतात आणि मग दोरीवर कपडे पडावेत तशी अक्षरं तिच्याखाली सोडतात. आपण वहीत शिरोरेषा शेवटी देतो. पडद्यावर ती आधी आली की फार छान दिसते. आपल्या अक्षरांचं हे वळण ओळखून काम करणारे थोर लोक आपल्याकडे होऊन गेलेत. कॉम्प्युटरवरचा ‘मंगल’ हा फॉन्ट माहीत आहे? तो करणारे र. कृ. जोशी पवईच्या आयआयटीतल्या डिझाइन केंद्रात शिकवायचे.

अक्षरं किती वेळ ठेवायची? हळू वाचणाऱ्यालाही दोनदा वाचून होतील इतका वेळ. डिझायनरने ती शंभरदा वाचलेली असतात, त्यामुळे त्याला ती नेहमी फार वेळ थांबल्यासारखी वाटतात. म्हणून शहाणे डिझायनर शेजारच्याला बोलावून मोठ्याने वाचायला लावतात. एवढं सगळं झाल्यावर साहेब फिल्म बघतात आणि म्हणतात, लोगो जरा मोठा करा. हे जगभर असंच चालतं.

एक गोष्ट मात्र थट्टेची नाही. 16 डिसेंबर 1997 ला जपानमध्ये पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश सेकंदाला साधारण बारा वेळा लखलखला, काही सेकंदच. तो पाहून सहाशेहून जास्त जणांना दवाखान्यात न्यावं लागलं, त्यांत बहुतेक लहान मुलं. कुणाला चक्कर, कुणाला उलटी, काहींना झटके. काही मेंदूंना असा लखलखाट सोसत नाही. म्हणून आता वेबसाइटसाठीच्या नियमांत सांगितलेलं असतं की पडद्यावर काही लखलखवायचंच तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा नको. मोशन ग्राफिक्सवाल्याला हे पाठ असावं लागतं.

सॉफ्टवेअर कुठलं, हे तुम्ही विचारणारच. या धंद्यात आफ्टर इफेक्ट्स सगळ्यांना माहीत असतं. ते 1993 मध्ये निघालं. त्याला पैसे पडतात. ब्लेंडर मात्र फुकट आहे आणि फुकट म्हणून ते लेचंपेचं समजू नका. मांजराची ‘फ्लो’ ही फिल्म ब्लेंडरमध्येच केली होती आणि तिला 2025 मध्ये ऑस्कर मिळालं. पण बटणं नंतर शिकता येतात. आधी एक जुनी वही आणि मोजपट्टी घ्या.

वहीची शेवटची बारा पानं निवडा. पानाच्या बाहेरच्या कडेजवळ, वरच्या बाजूला एक गोल काढा, तो टेबलावरचा चेंडू. पुढच्या दहा पानांवर तोच गोल खाली सरकवत न्यायचा. आपण आपलं टेबल दहापट लहान करू, म्हणजे सेंटिमीटरऐवजी मिलीमीटर. सुरुवातीच्या जागेपासून मोजा आणि पानापानावर खूण करा: 1, 3, 7, 13, 20, 28, 38, 50, 64, 78 मिलीमीटर. आता अंगठ्याने पानं फर्रकन सोडा. दुसऱ्या वहीत सगळी अंतरं सारखी, 8-8 मिलीमीटरची, ठेवून पाहा आणि दोन्ही वह्या शेजारच्या मुलाला दाखवा. यातला खरा चेंडू कुठला, ते त्याला विचारा.

आणि बाराव्या पानावर काय काढायचं? चेंडू रबराचा असेल तर तिथे तो जमिनीवर आडवा चेपलेला हवा, म्हणजे पुढच्या पानांवर तो उसळेल आणि वर जाताना साधारण तेच आकडे उलटे येतील. लोखंडाचा गोळा असेल तर चेपायचं नाही, जमिनीला तडा काढायचा. पाण्याने भरलेला फुगा असेल तर आणखी पाचसहा पानं लागतील आणि खाली पुसायला फडकंही.